संगणकाची विश्रांती : ‘स्लीप’ की ‘हायबरनेट’?

(इयत्ता सहावी ते आठवीस शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी विवेचन व पाठाचे टाचण)

१. विषयाचे प्रयोजन

प्राथमिक शाळेत संगणक बहुधा एकच असतो आणि त्याजवर काम करणारे हात मात्र पुष्कळ असतात. सकाळी मुख्याध्यापक त्यावर पत्रव्यवहार पाहतात, दुपारी सहावी-सातवीची मुले चित्रे काढतात किंवा टंकलेखनाचा सराव करतात, आणि शाळा सुटण्याच्या सुमारास वर्गशिक्षक निकालपत्रके भरीत बसतात. या पाळ्यांच्या मधल्या वेळात संगणकाचे काय करावे, हा प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. कोणी तो तसाच चालू ठेवतो, कोणी दर खेपेस पूर्ण बंद करतो, तर कोणी यादीत प्रथम दिसेल त्या पर्यायावर टिचकी मारून मोकळा होतो.

समजा, चाळीस मुलांचे वार्षिक गुण भरण्याचे काम अर्ध्यावर आले आहे. घंटा झाली. शिक्षकाने संगणक ‘स्लीप’ अवस्थेत ठेवला. पडदा काळा झाला आणि काम सुरक्षित राहिले अशी त्याची समजूत झाली. पाठोपाठ पाळीवरच्या मुलांनी खिडक्या लावल्या व शिकविल्याप्रमाणे विजेचे मुख्य बटन बंद केले. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू झाला तो कोऱ्या पडद्यानेच, आणि वीस मुलांचे गुण पुन्हा भरावे लागले. मुलांनी केले ते योग्यच होते. शाळा सुटताना मुख्य बटन बंद करणे ही चांगली सवय आहे. उणीव राहिली ती एका माहितीची. ‘स्लीप’मध्ये ठेवलेल्या संगणकास रात्रभर वीज लागते, हे त्या शाळेत कोणास ठाऊक नव्हते.

टेबलावरील संगणकास, म्हणजे डेस्कटॉपला, स्वतःची बॅटरी नसते. लॅपटॉपची वीज गेली तरी त्याची बॅटरी काही तास त्यास सांभाळून घेते. डेस्कटॉपला तसा आधार नाही. यास्तव लॅपटॉपच्या बाबतीत जी निवड सोयीची असते, तीच डेस्कटॉपच्या बाबतीत अंगाशी येऊ शकते. ‘स्लीप’ आणि ‘हायबरनेट’ या दोन अवस्थांत नेमके काय घडते, हे शिक्षकास समजले म्हणजे कोणत्या प्रसंगी कोणती निवडावी हे त्यास पाठ करावे लागणार नाही. ते आपोआप उमजेल.

२. संगणकाच्या दोन स्मृती

संगणकास दोन प्रकारची स्मृती असते. पहिली रॅम नावाची कामचलाऊ स्मृती. चालू असलेले काम, उघडलेली पाने, अर्धवट चित्र, नुकतीच टंकलिखित केलेली ओळ हे सर्व प्रथम येथे असते. दुसरी कायमची स्मृती. ती हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकडीवर किंवा अलीकडील संगणकांत एसएसडी नावाच्या न फिरणाऱ्या साठ्यात असते. ‘सेव्ह’ म्हणजे जतन करणे याचा अर्थ पहिल्या स्मृतीतील मजकूर दुसरीत उतरविणे हा होय.

रॅम अतिशय जलद असते, परंतु ती विजेवर जगते. तिच्यात माहितीचा एकेक कण अतिसूक्ष्म विद्युत्संचयकात, म्हणजे वीज साठविणाऱ्या इवल्याशा भांड्यात, ठेवलेला असतो. हे भांडे गळके आहे. त्यातील विद्युद्भार सतत झिरपून जातो आणि म्हणून साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे एका सेकंदात सुमारे सोळा वेळा, प्रत्येक कण वाचून पुन्हा भरावा लागतो. या प्रकारच्या स्मृतीची कल्पना रॉबर्ट डेनार्ड या अमेरिकी अभियंत्यास आयबीएम या कंपनीत काम करीत असताना सुचली व तिचे एकस्व त्यास १९६८ मध्ये मिळाले. आजच्या संगणकांची रॅमही त्याच तत्त्वावर चालते.

वर्गात हे दाखविणे अगदी सोपे आहे. ओल्या बोटाने पाटीवर एक शब्द लिहावा. थोड्याच वेळात तो वाळून दिसेनासा होतो. एका विद्यार्थ्यास तोच शब्द ओल्या बोटाने पुन्हा पुन्हा गिरवीत राहावयास सांगितले, तर शब्द टिकतो. विद्यार्थी थांबला की शब्द गेला. रॅममधील मजकूर असा पाण्याने लिहिलेला असतो आणि वीज ही त्यास गिरवीत राहणारी बोटे होत. डिस्कवरील मजकूर मात्र वहीत शाईने लिहिल्यासारखा आहे. गिरविणारा निघून गेला तरी तो राहतो.

३. ‘स्लीप’ अवस्थेत काय होते

‘स्लीप’ निवडताच संगणकाचा पडदा, पंखे, डिस्क आणि मुख्य प्रक्रियक यांची वीज तोडली जाते. रॅमला तेवढी थोडी वीज मिळत राहते. पाटीवरील शब्द गिरविणारा एकच विद्यार्थी वर्गात ठेवून बाकीच्या सर्वांस घरी पाठवावे, तसा हा प्रकार आहे. पुष्कळ संगणकांवर या वेळी समोरचा दिवा मंदपणे मिचमिचतो किंवा रंग बदलतो. कळफलकाची कळ दाबली अथवा माउस हलविला की दोन-चार सेकंदांत सर्व काम होते तसे समोर येते, कारण ते रॅममधून कोठे हललेलेच नसते.

सोय मोठी आहे, आणि धोकाही तिच्याच पोटी आहे. या अवस्थेत वीज गेली, भिंतीवरील बटन कोणी बंद केले, किंवा साफसफाई करताना प्लग निखळला, तर गिरविणारा हात थांबतो. जतन न केलेले सर्व काम त्या क्षणी नाहीसे होते.

४. ‘हायबरनेट’ अवस्थेत काय होते

‘हायबरनेट’ निवडले असता संगणक निराळे काम करतो. रॅममध्ये जे काही आहे त्याची दाबून लहान केलेली प्रत तो डिस्कवरील एका राखीव फाइलमध्ये उतरवितो आणि त्यानंतर पूर्णपणे बंद होतो. दिवाही विझतो. पाटीवरचे सर्व वहीत उतरवून, पाटी कोरडी होऊ देऊन, वर्गास कुलूप लावावे तसे हे झाले. पुन्हा बटन दाबले म्हणजे संगणक ती प्रत वाचतो, रॅममध्ये पूर्ववत मांडतो, आणि काम जेथे थांबले होते तेथून पुढे चालू होते. मध्ये वीज एक तास नव्हती की एक महिना, याने फरक पडत नाही.

यास वेळ किती लागतो, याचा अंदाज गणिताने काढता येतो. समजा, रॅममधील चालू काम दाबून १.५ गिगाबाईट झाले. जुनी हार्ड डिस्क सेकंदास सुमारे १०० मेगाबाईट वाचत असेल, तर त्यास १५ सेकंद लागतील. साधी एसएसडी सेकंदास ५०० मेगाबाईट वाचत असेल, तर ३ सेकंद पुरतील. संगणकाच्या सुरुवातीच्या स्वतपासणीचे काही सेकंद त्यात मिळवावे लागतात. म्हणजे ‘स्लीप’हून हे मंद, परंतु सर्व कार्यक्रम नव्याने उघडीत बसण्याहून पुष्कळ जलद.

राखीव फाइल डिस्कवर काही जागा अडविते. विंडोज १० व ११ मध्ये ती सर्वसाधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते. ८ गिगाबाईट रॅम असल्यास सुमारे ३.२ गिगाबाईट. डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर प्रथम जुन्या, अनावश्यक फाइली काढाव्यात.

या अवस्थांची सर्व संगणकांसाठी समान व्याख्या डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या एका मानकात दिली गेली. त्या मानकात रॅम जागी ठेवणाऱ्या झोपेस ‘एस-३’ आणि डिस्कवर प्रत ठेवून बंद होण्यास ‘एस-४’ अशी नावे आहेत. तंत्रज्ञांच्या बोलण्यात हे शब्द येतात, म्हणून शिक्षकास ते ओळखीचे असावेत. विद्यार्थ्यांस सांगण्याची आवश्यकता नाही.

५. नावावरून होणारा घोटाळा

‘हायबरनेट’ हा शब्द हिवाळ्याचा अर्थ असलेल्या एका लॅटिन शब्दापासून आला आहे. लडाखमध्ये आढळणारा हिमालयी मार्मोट हा प्राणी थंडीचे महिने बिळात निपचित पडून काढतो. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांस यापेक्षा बेडूक जवळचा. उन्हाळ्यात तो ओलसर मातीत खोल जाऊन पडतो आणि पहिल्या पावसाबरोबर शेतात हजर होतो. विज्ञानाच्या पाठात आलेली ही शीतनिद्रा व ग्रीष्मनिद्रा संगणकाच्या पाठात उपयोगी पडते.

तथापि उपमा कोठे तुटते हेही शिक्षकाने सांगावे. बिळातील मार्मोट साठविलेल्या चरबीवर जगत असतो. त्याचे हृदय मंद का होईना चालू असते. त्याची स्थिती खरे पाहता संगणकाच्या ‘स्लीप’शी अधिक जुळते. ‘हायबरनेट’मधील संगणक काहीच खात नाही, तो पूर्ण बंद असतो आणि त्याची आठवण तेवढी वहीत लिहिलेली असते. चौकस विद्यार्थी हा भेद स्वतः होऊन विचारतो. त्याचे कौतुक करावे.

६. विजेचा हिशेब

कोणत्या अवस्थेत वीज किती लागते, हे पाहिल्यावाचून निवड नीट होत नाही. प्रत्येक संगणकाचा आकडा निराळा असतो. हिशेबासाठी असे धरावे की पडद्यासह चालू संगणक ८० वॅट आणि ‘स्लीप’मधील संगणक ३ वॅट वीज घेतो. ‘हायबरनेट’ करून भिंतीवरील बटन बंद केले तर शून्य.

सायंकाळी ५ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत १७ तास होतात. एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणून,

चालू ठेवल्यास : ८० × १७ = १३६० वॅट-तास, म्हणजे १.३६ युनिट.
‘स्लीप’मध्ये : ३ × १७ = ५१ वॅट-तास, म्हणजे सुमारे ०.०५ युनिट.
‘हायबरनेट’ करून बटन बंद : ०.

शिक्षणहक्क कायदा, २००९ अन्वये सहावी ते आठवीसाठी वर्षास किमान २२० दिवस शाळा भरावी लागते. २२० रात्री संगणक चालू राहिला तर जवळजवळ ३०० युनिट जातील. ‘स्लीप’मध्ये राहिला तर सुमारे ११ युनिट.

या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. विजेची खरी बचत संगणक चालू न ठेवण्यात आहे, आणि ती ‘स्लीप’नेही जवळजवळ पूर्ण साधते. ‘स्लीप’ आणि ‘हायबरनेट’ यांच्यातील फरक वर्षाकाठी अवघ्या दहा-अकरा युनिटांचा. तेव्हा या दोहोंतून निवड करताना वीजबिलाचा विचार दुय्यम ठरतो. विचारावयाचा प्रश्न एकच उरतो : परत येईपर्यंत वीज खात्रीने राहील काय?

७. निवड कशी करावी

(अ) मधली सुट्टी, किंवा एका वर्गाची पाळी संपून दुसऱ्याची सुरू होईपर्यंतचा काळ : वीज स्थिर असेल आणि खोलीत कोणी जबाबदार व्यक्ती असेल, तर ‘स्लीप’ योग्य. परतल्यावर क्षणात काम सुरू होते. तरीही उठण्यापूर्वी काम जतन करावे.

(आ) वीज जाण्याचा संभव असेल तेव्हा : काही गावांत वीज जाण्याचे वार व वेळा ठरलेल्या असतात. त्या वेळेपूर्वी ‘हायबरनेट’ करावे. वळवाच्या पावसाचे ढग दिसू लागले, गडगडाट ऐकू आला, तर ‘हायबरनेट’ करून प्लगही भिंतीतून काढून ठेवावा. इंटरनेटची तार जोडलेली असल्यास तीही काढावी. ‘स्लीप’मधील संगणकाचा प्लग असा काढता येत नाही.

(इ) शाळा सुटताना काम अर्धवट असेल तर : जतन करावे, ‘हायबरनेट’ करावे, दिवा विझल्याची खात्री करावी, आणि मगच मुख्य बटन बंद करण्यास मुलांस सांगावे. दिवा विझण्यापूर्वी बटन बंद झाले, तर प्रत अर्धीच लिहिली जाईल व तिचा उपयोग होणार नाही.

(ई) काम पूर्ण झाले असेल, किंवा रविवार वा दीर्घ सुट्टी येत असेल तर : ‘शट डाउन’ करावे. राखून ठेवावे असे काहीच नसताना प्रत करून ठेवण्यात अर्थ नाही.

(उ) संगणक अडखळत असेल, एखादा कार्यक्रम गोठला असेल तर : ‘रीस्टार्ट’ करावे. ‘हायबरनेट’ने रॅममधील दोषही जसाच्या तसा वहीत उतरतो, संगणक ज्या दुखण्यासह झोपतो त्याच दुखण्यासह उठतो. येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावयाची. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय बहुधा चालू असते. तीत ‘शट डाउन’ करतानाही यंत्रणेचा गाभा डिस्कवर उतरवून ठेवला जातो व पुढच्या वेळी तोच उचलला जातो. म्हणून रात्री बंद करून सकाळी सुरू केला तरी दोष कधी कधी तसाच राहतो, आणि ‘रीस्टार्ट’ने मात्र जातो.

(ऊ) यूपीएस असल्यास : यूपीएस हा काही मिनिटांचा आधार आहे. वीज गेल्यावर तो शिटी वाजवू लागला म्हणजे काम पुढे रेटावयाचे नसते. जतन, ‘हायबरनेट’ आणि मग यूपीएस बंद, हा क्रम ठेवावा. ‘स्लीप’ करून यूपीएसवर भिस्त ठेवल्यास बॅटरी संपताच काम जाईल. यूपीएस यूएसबीच्या तारेने संगणकास जोडण्याची सोय असेल, तर बॅटरी संपत आल्यावर संगणकाने आपण होऊन ‘हायबरनेट’ व्हावे अशी व्यवस्था करता येते.

८. दोहोंचा मेळ : ‘हायब्रीड स्लीप’

डेस्कटॉपची ही अडचण ओळखून विंडोजमध्ये, २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून, ‘हायब्रीड स्लीप’ ही तिसरी सोय आली. तीत संगणक झोपण्यापूर्वी रॅमची प्रत डिस्कवर लिहितो आणि रॅमलाही वीज देत राहतो. वीज राहिली तर तो ‘स्लीप’प्रमाणे लगेच जागा होतो; वीज गेली तर डिस्कवरील प्रतीवरून काम परत उभे करतो. पाटीवर गिरविणाराही ठेवला आणि वहीत नक्कलही केली, असा हा प्रकार होय. अनेक डेस्कटॉपवर ही सोय आधीच चालू असते, काहींवर नसते. म्हणून तिच्यावर विसंबण्यापूर्वी परीक्षा घ्यावी.

परीक्षेची रीत अशी. इतर सर्व कार्यक्रम बंद करावेत. ‘पेंट’मध्ये एक साधे चित्र काढावे व ते जतन करू नये. संगणक ‘स्लीप’ करावा. दिवा मिचमिचू लागून डिस्कचा आवाज थांबला म्हणजे भिंतीवरील बटन बंद करावे व एक मिनिट थांबून पुन्हा सुरू करावे. चित्र परत आले तर ‘हायब्रीड स्लीप’ चालू आहे. न आले तर साधी ‘स्लीप’ आहे. ही परीक्षा शिक्षकाने पाठापूर्वी एकदाच, महत्त्वाचे काही उघडे नसताना घ्यावी. मुलांकडून ती खेळ म्हणून पुन्हा पुन्हा करवू नये.

९. ‘हायबरनेट’ यादीत दिसत नसल्यास

पुष्कळ संगणकांवर ‘पॉवर’च्या यादीत ‘स्लीप’, ‘शट डाउन’ व ‘रीस्टार्ट’ एवढेच पर्याय दिसतात. ‘हायबरनेट’ बहुधा लपविलेले असते. ‘कंट्रोल पॅनल’मधील ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडावे. डाव्या बाजूस ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ हे वाक्य असते, ते निवडावे. नंतर ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ यावर टिचकी मारावी. तळाशी ‘हायबरनेट’समोरील चौकटीत खूण करून ‘सेव्ह चेंजेस’ दाबावे. यासाठी संगणकाच्या व्यवस्थापकाचा पासवर्ड लागू शकतो. तो मुख्याध्यापकांकडे असावा.

१०. काही गैरसमज

पडदा काळा म्हणजे संगणक बंद, असे मुले व पुष्कळदा मोठी माणसेही समजतात. पडद्याचे बटन दाबल्याने केवळ पडदा बंद होतो; खालची पेटी चालूच असते. पेटीवरील दिवा पाहण्याची सवय लावावी.

‘हायबरनेट’ केले की जतन करावयास नको, हाही गैरसमज आहे. ती प्रत पुढच्या उघडण्यापुरती असते. उघडताना काही अडथळा आला, तर यंत्रणा ती टाकून देऊन नव्याने सुरू होते. जतन केलेली फाइल मात्र राहते.

संकेतस्थळावर भरीत असलेला तक्ता ‘हायबरनेट’ने सुरक्षित राहतो, असेही धरून चालू नये. युडायस प्लससारख्या संकेतस्थळावर माहिती भरताना तिकडील संगणक काही काळ वाट पाहून आपला दरवाजा बंद करतो. परतल्यावर पडद्यावर तक्ता दिसेल, पण तो पाठविता येईलच असे नाही. ते पान जतन करून, संकेतस्थळावरून रीतसर बाहेर पडूनच संगणक झोपवावा. संगणक सामायिक असल्याने मुलांची माहिती दुसऱ्याच्या नजरेस न पडण्यासाठीही हे अगत्याचे आहे.

पेनड्राइव्ह लावलेला ठेवून ‘हायबरनेट’ करणे व मधल्या काळात तो काढून दुसऱ्या संगणकावर वापरणे धोक्याचे असते. जागा झालेला संगणक जुनीच स्थिती खरी मानतो आणि त्यातील फाइली बिघडू शकतात. पेनड्राइव्ह रीतसर काढून मगच संगणक झोपवावा.

वारंवार लिहिल्याने एसएसडी झिजेल, ही भीती अवास्तव आहे. दिवसाकाठी ४ गिगाबाईट लिहिले तरी वर्षात दीड टेराबाईटच्या आतच लेखन होते. लहान एसएसडीसही याच्या कितीतरी पट लेखन सोसते.

११. पाठाचे टाचण

इयत्ता : सातवी. वेळ : ३५ मिनिटे.

साहित्य : पाटी, पाण्याची वाटी, वही, शाईचे पेन, शाळेचा संगणक.

उद्दिष्टे : (१) तात्पुरती व कायमची स्मृती यांतील भेद विद्यार्थी सांगतील. (२) दिलेल्या प्रसंगी योग्य अवस्था निवडून तिचे कारण देतील. (३) मुख्य बटन बंद करण्यापूर्वी संगणकाचा दिवा पाहण्याची सवय त्यांस लागेल.

प्रस्तावना : पुढील प्रश्न विचारावेत. शाळा सुटताना पाळीवरची मुले कोणती कामे करतात? मुख्य बटन का बंद करावे? त्या वेळी संगणकात कोणाचे अर्धे काम असेल तर त्याचे काय होईल? शेवटच्या प्रश्नास भिन्न उत्तरे येतील. त्यांपैकी एकही चूक म्हणून खोडू नये.

हेतुकथन : “संगणकास झोपविण्याच्या दोन रीती कोणत्या व कोणती केव्हा वापरावी, हे आज पाहू.”

विषयविवेचन : दोन विद्यार्थी पुढे बोलवावेत. पहिल्याने पाटीवर ओल्या बोटाने ‘शाळा’ हा शब्द गिरवीत राहावे. दुसऱ्याने तोच शब्द वहीत शाईने लिहून वही मिटावी. शिक्षकाने “वीज गेली!” असे म्हणताच पहिल्याने हात मागे घ्यावा. पाटी वाळेपर्यंत सर्वांनी निरीक्षण करावे, मग वही उघडून पाहावी. कोणाचा शब्द राहिला व का, हे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे. त्यानंतर ‘स्लीप’ व ‘हायबरनेट’ ही नावे सांगावीत. आधी नाव सांगून मागून अर्थ दिल्यास नाव पाठ होते, अर्थ राहून जातो. शेवटी संगणकावर दोन्ही अवस्था एकेकदा करून दाखवाव्यात व दिव्यातील फरक जवळून पाहू द्यावा.

फलकलेखन :
स्लीप : काम रॅममध्ये. वीज हवी. लगेच जागा. दिवा मिचमिचतो.
हायबरनेट : काम डिस्कवर. वीज नको. थोडा वेळ लागतो. दिवा विझतो.
दोन्हींपूर्वी : जतन करा.

उपयोजन : पुढील प्रसंग सांगून निवड व कारण विचारावे. (१) दहा मिनिटांची सुट्टी झाली, वीज नियमित आहे. (२) चित्र अर्धे आहे आणि आभाळ गडगडू लागले. (३) उद्यापासून दिवाळीची सुट्टी आहे, काम पूर्ण झाले आहे. (४) संगणकाचा दिवा मिचमिचत आहे आणि शाळा सुटण्याची वेळ झाली. पाळीवरच्या मुलाने काय करावे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर नीट घोळवून घ्यावे. मुलाने बटनास हात न लावता प्रथम शिक्षकास विचारावे, हे उत्तर अपेक्षित आहे.

गृहपाठ : (१) संगणक एक तास ‘स्लीप’मध्ये ३ वॅट व चालू स्थितीत ८० वॅट घेतो असे धरून, रोज एक तासाच्या मधल्या सुट्टीत ‘स्लीप’ वापरल्यास २२० दिवसांत किती युनिट वाचतील ते काढा. (उत्तर : १६.९४ युनिट.) (२) घरातील कोणती उपकरणे बंद दिसत असूनही थोडी वीज घेत असावीत? त्यांची यादी करा.

१२. शिक्षकांस सूचना

पाठ झाल्यावर विद्यार्थ्यांकडून एक लहान फलक लिहून घेऊन तो विजेच्या मुख्य बटनाजवळ लावावा. त्यावर “आधी संगणकाचा दिवा पाहा, मग बटन बंद करा” एवढे शब्द पुरेत. संगणकाच्या टेबलाशी लावलेला फलक काम करणाऱ्यासच दिसतो. बटनाजवळ लावलेला फलक बटन बंद करणाऱ्यास दिसतो, आणि येथे गरज त्याची आहे. साफसफाईच्या व बंदोबस्ताच्या पाळ्या दर आठवड्यास बदलत असतील, तर नव्या पाळीच्या मुलांस सोमवारी एकदा ती सूचना वाचून दाखवावी.